वाकण्याची दिशा

आज पवित्र गुरुवार. दिवेलागणीच्या सुमारास गोव्यातील चर्चांमधून एक विधी होईल. वेदीसमोर सहसा बारा माणसे बसविली जातील. धर्मगुरू अंगावरचे वरचे वस्त्र उतरवून ठेवील, कमरेला पंचा गुंडाळील आणि पाण्याचे भांडे घेऊन एकेकापुढे गुडघे टेकीत त्यांचे पाय धुईल, पुशील. विधी शतकानुशतकांचा आहे, आणि जे दरवर्षी घडते त्याकडे लक्ष न देण्याची सवय माणसाला चटकन जडते. आमच्या हिंदू वाचकांपैकी पुष्कळांनी तर तो पाहिलेलाही नसेल. फेस्ताच्या दिवशी शेजारधर्म म्हणून जाणे वेगळे, म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानून तेल वाहणे वेगळे, आणि उपासाच्या दिवसांतील या गंभीर प्रार्थनेला उपस्थित राहणे वेगळे. तरीही या विधीमागील प्रसंगाविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. त्याचे कारण धार्मिक कमी आणि सामाजिक अधिक आहे.

हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात आला आहे. येशूच्या अखेरच्या भोजनाची ती रात्र. त्या देशाचे रस्ते धुळीचे, पायांत साध्या वहाणा. घरी आलेल्याचे पाय धुण्याचे काम तेथे नोकराचे, तेही खालच्या नोकराचे. लूकच्या कथनाप्रमाणे त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये आपल्यात मोठा कोण यावरून वाद जुंपला होता. गुरूवर मृत्यूची छाया पडलेली आणि शिष्यांना चिंता मानपानाची! अशा वेळी येशू पानावरून उठला. काही न बोलता त्याने कमरेला वस्त्र बांधले, भांड्यात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुण्यास आरंभ केला. पेत्राला ते सहन झाले नाही. तो पाय मागे घेऊ लागला. गुरूने शिष्याच्या पायांशी बसावे, यात त्याला जगाची घडी विस्कटल्यासारखी वाटली असली पाहिजे. आणि त्याचे वाटणे खोटे नव्हते. ज्यूदास त्या वेळी पंक्तीतच होता. हा माणूस आपल्याला शत्रूच्या हाती देणार, हे येशूला ठाऊक होते. शुभवर्तमानाच्या क्रमाप्रमाणे ज्यूदास बाहेर गेला तो नंतर. म्हणजे अंधारात फितुरीसाठी जी पावले निघाली ती त्याच हातांनी धुतलेली होती.

आमच्या वाचकांना या कथेवरून दुसऱ्या एका कथेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात ज्याने त्याने कामे वाटून घेतली तेव्हा भगवान श्रीकृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले, असे भागवत सांगते. लोकपरंपरेने त्यात उष्ट्या पत्रावळी उचलण्याचीही भर घातली आहे. विशेष हे, की त्याही यज्ञात मोठा कोण हाच वाद पेटला होता. अग्रपूजेचा मान कृष्णाला मिळाला म्हणून शिशुपाल खवळून उठला. मानासाठी भांडणारे एका बाजूला आणि ज्याचा मान निर्विवाद तो पाण्याचे भांडे घेऊन जमिनीवर, हे चित्र येरुशलेमला आणि इंद्रप्रस्थाला सारखेच दिसावे हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. तेव्हा हा धडा परका म्हणून बाजूला सारण्याचे कारण कोणालाही नाही.

आता खरा मुद्दा. नम्रता आपल्या समाजात कमी आहे असे कोण म्हणेल? चौकाचौकांत फलकांवर पुढाऱ्यांचे हात जोडलेले असतात. साहेबांच्या दालनात शिरताना चपला बाहेर निघतात, मंत्र्यांची गाडी दिसताच पाठीचे कणे आपोआप लवतात. लवण्याची कला आपण उत्तम आत्मसात केली आहे; फक्त तिची दिशा एकच ठरून गेली आहे. जो वर आहे त्याच्यापुढे वाकायचे आणि जो खाली आहे त्याच्याकडून वाकणे वसूल करायचे. ख्रिस्ताने ही दिशा फिरविली. तो वाकला तो खालच्यांपुढे. सत्तेपुढे तो ताठ उभा राहिला, हे पुढे पाहूच. आज गोव्यात ज्यांच्या पायांना हात लावण्याची कल्पनादेखील आपल्याला शिवणार नाही असे बाराजण निवडायचे तर लांब जावे लागणार नाही. ओडिशा-झारखंडकडून येऊन ट्रॉलरवर राबणारा खलाशी, आपल्या इमारतीच्या पायात उतरलेला मजूर, सांडपाण्याचे गटार उपसणारा. ज्यांना आपण सर्वधर्मसमभावाने ‘घाटी’ म्हणून हिणवतो ते सगळे. या एका बाबतीत गोमंतकातील हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात कसलाही मतभेद नाही, हे लिहिताना आम्हांस आनंद होत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली पदावर येताच पहिल्याच पवित्र गुरुवारी हा विधी भव्य महामंदिरात न करता रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन केला. ज्यांचे पाय धुतले त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. परंपरेचे अभिमानी कुरकुरले. 2025 च्या पवित्र गुरुवारी, दीर्घ आजारातून पुरते सावरले नसताना, हे वृद्ध गृहस्थ पुन्हा रोममधील एका तुरुंगात गेले. वाकून पाय धुणे त्यांना शक्य नव्हते. तसे सांगून ते कैद्यांजवळ काही वेळ थांबले. पुढच्या सोमवारी ते निवर्तले.

आज्ञापालनाची गोष्ट याहून अवघड आहे. या भूमीत तो शब्द कडू झालेला आहे, आणि स्वातंत्र्यलढ्याशी ज्यांचे नाते आहे अशा आमच्यासारख्यांच्या जिभेवर तर तो अधिकच कडू लागतो. 1510 पासून 1961 पर्यंतच्या कालखंडात येथे सत्ता आणि वेदी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. 1560 साली सुरू झालेले इन्क्विझिशन मधल्या अल्प खंडासह 1812 पर्यंत चालले. 1583 साली कुंकळ्ळीत पाच जेज्वित मारले गेले, आणि पाठोपाठ तेथील गावकारांना बोलणीसाठी म्हणून असोळणेंच्या किल्ल्यावर बोलावून ठार करण्यात आले. 1684 साली येथील लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला. मांडवीच्या काठचा रेइश मागुश किल्ला पाहा. त्याचे नाव गोठ्यातील बालकापुढे नतमस्तक होणाऱ्या पूर्वेच्या राजांवरून पडलेले. आणि त्याच किल्ल्याच्या कोठड्यांत गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबण्यात आले. अशा इतिहासाच्या वारसांना कोणी ख्रिस्ताचे नाव घेऊन आज्ञाधारकपणा शिकवू लागला तर कपाळाला आठी पडणारच. आमच्याही पडते.

परंतु ख्रिस्ताचे आज्ञापालन हे नव्हेच. आपल्या भाषेत एक मोठी मार्मिक सोय आहे. ‘मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा त्याच्या कानांविषयी तिची तक्रार नसते. ऐकणे म्हणजे कानांनी ऐकणे आणि ऐकणे म्हणजे वागणे, दोहोंना मराठीने एकच शब्द दिला. लॅटिनमध्येही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्याच धातूपासून निघाला आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो ऐकायचे कोणाचे, हा.

गेथशेमानीच्या बागेत त्या रात्री येशूने जे ऐकले ते त्याच्या इच्छेविरुद्ध होते. हा प्याला टळला तर टळो, अशी त्याची प्रार्थना आहे. मरण हसत कवटाळणाऱ्या वीराचे हे चित्र नव्हे. घाबरलेल्या, घामाघूम झालेल्या माणसाचे आहे, आणि सोबतीला आणलेले शिष्य तर झोपी गेलेले. अखेरीस तो पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. पुत्र असूनही तो सोसता सोसता आज्ञापालन शिकला, अशा आशयाचे विधान नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. शिकला! त्यालाही ते जन्मतः येत नव्हते, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

आणि ज्याने ही आज्ञा मानली त्याचे पुढील काही तासांतील वर्तन पाहा. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असता एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश ज्याने केला होता त्याने तेथे शांतपणे विचारले, की माझे बोलणे चुकले असेल तर चूक दाखवा. बरोबर असेल तर मारता का? रोमन सुभेदार पिलाताने आपल्या अधिकाराची आठवण करून दिली तेव्हा, तुझा अधिकार तुझा नव्हे, वरून आलेला आहे, एवढे बजावून तो स्वस्थ राहिला. त्याने हात उगारला नाही आणि दयेची याचनाही केली नाही. नम्रता आणि लाचारी यांच्यात नेमके अंतर किती, हे मोजायचे तर आम्हांस या प्रश्नाएवढे दुसरे माप आढळलेले नाही.

हे माप भारताला अपरिचित राहिले नाही. विलायतेत शिकत असताना गांधीजींनी डोंगरावरील प्रवचन वाचले आणि ते त्यांच्या अंतःकरणाला भिडले, हे त्यांच्या आत्मकथेवरून सर्वांना ठाऊक आहे. पुढे देशाने जो मार्ग धरला त्याचे मराठी नाव ‘सविनय कायदेभंग’. त्यातील ‘सविनय’ हा शब्द आपण घाईत गिळून टाकतो. कायदा मोडायचा, पण विनय मोडायचा नाही. शिक्षा चुकवायची नाही, पण हुकूमही मानायचा नाही. 18 जून 1946 रोजी मडगावात डॉ. लोहिया बंदी मोडून उभे राहिले ते याच परंपरेत, आणि 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवीची सीमा ओलांडून गोळ्यांना सामोरे गेले तेही याच परंपरेत. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांच्या गळ्यांत क्रूस असतील. पण त्या दिवशी क्रुसाचा अर्थ सीमेच्या कोणत्या बाजूला होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

गोमंतकातील ख्रिस्ती समाजालाही हा अर्थ कळला नव्हता असे नाही. 1787 चे पिंटोंचे बंड ज्यांनी रचले त्यांत येथल्याच धर्मगुरूंचा पुढाकार होता. आज्ञापालनाचे व्रत घेतलेली ही माणसे होती! आणि त्याहीपूर्वी शंभर वर्षे एक बाणावलीचा माणूस होऊन गेला, त्याच्याविषयी हिंदू वाचकांना अधिक माहिती असायला हवी. जुझे वाझ. जन्म 1651. सिलोनमध्ये डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. तेथील कॅथलिकांना कोणी वाली उरला नव्हता. या सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील धर्मगुरूने अंगावरचा झगा उतरविला, मजुराचा वेष केला आणि 1687 साली तो जाफन्याला पोचला. दारोदार भीक मागत फिरायचे आणि घरातील माणसे आपली आहेत का, याचा अदमास घ्यायचा, असा त्याचा क्रम. डच हुकूम त्याने मोडला, तो दुसरा हुकूम ऐकू आल्यामुळे. कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचा हेर समजून त्याला तुरुंगात टाकण्यात आले. 1697 साली तेथे देवीची साथ आली. घरची माणसे रोग्यांना सोडून पळत असताना हा गोंयकार त्यांची घाण काढीत होता, जखमा धूत होता, मेलेल्यांना मूठमाती देत होता. रोग्याचा धर्म त्याने पाहिला नाही. पुढे मोठे पद चालून आले तेव्हा ते त्याने नाकारले. 1711 साली तो तेथेच वारला. 2015 साली कोलंबोत त्याला संतपद जाहीर झाले. पाय धुण्याच्या त्या विधीचा अर्थ एखाद्याने विचारला तर आम्ही त्याला ग्रंथ न देता कँडीतील त्या झोपड्यांकडे बोट दाखवू.

आणखी एकाचे नाव घेतल्यावाचून मराठी माणसाला पुढे जाता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला आणि येथल्या भाषेचा शिष्य झाला. 1616 साली रायतूरला छापलेले त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. तो राज्यकर्त्यांच्या बाजूचा होता, धर्मांतरितांसाठी लिहीत होता, हे आम्ही विसरत नाही. पण राज्यकर्त्यांपैकी एक माणूस प्रजेच्या भाषेपुढे असा वाकला, हेही विसरणे कृतघ्नपणाचे होईल. 1684 चा हुकूम काढणाऱ्यांनी ते पुराण उघडून पाहिले होते की नाही, कोण जाणे.

आज आमच्या सार्वजनिक जीवनात क्रुसाचे स्थान काय? 2022 च्या निवडणुकीआधी एका पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा देवविल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरांपैकी आठजण दुसऱ्या पक्षात गेले. कोणत्या पक्षाने कोणाला घेतले, हा भाग आम्ही गौण मानतो. 2019 सालीही निराळे काही घडले नव्हते. तिन्ही ठिकाणी ही मंडळी वाकली असणार, यथासांग हातही जोडले असणार. ज्या मतदाराच्या पायांशी बसण्यासाठी त्यांना निवडले होते, तो मात्र पेत्रासारखा पाय मागे घेण्याच्या प्रसंगापासून सुखरूप राहिला.

आज रात्रीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या घंटा मुक्या होतील. परवा रात्रीपर्यंत त्या वाजणार नाहीत. उद्याच्या शुक्रवारी मिरवणुकीपुढे वाजेल तो लाकडावर लाकूड आपटल्याचा कोरडा आवाज. रस्त्याच्या कडेला आपली वाहने थांबतील, माणसे मुकाट्याने पुढे सरकतील. आमच्या लहानथोर वाचकांपैकी कोणी त्या वेळी तेथे असेल तर त्याने हॉर्न न वाजवता घटकाभर तो आवाज ऐकावा.