अमेरिकेतील चार्टर शाळा : नववीच्या प्रवेशापूर्वी काय पाहावे?



बडोद्यातील आपल्या भक्तपरिवारात ज्यांचा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या अमेरिकेत नाही असे घर आता विरळाच. नाताळच्या सुट्टीत ही मंडळी घरी येतात, दर्शनास येतात आणि ज्यांची मुले आठवीत आहेत त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास निघतो. "आमच्या घराजवळ एक चार्टर शाळा आहे. फी नाही, निकाल शंभर टक्के आहे असे म्हणतात. नववीला तेथे घालावे काय?" आजी-आजोबांना तर 'फी नाही' आणि 'निकाल शंभर टक्के' ही दोन वाक्ये एकत्र ऐकली की निर्णय झालाच असे वाटते. या विषयावर सविस्तर लिहावे असा अनेकांचा आग्रह झाल्यामुळे हा लेख देत आहोत.

चार्टर म्हणजे सनद. संस्थानी परंपरेतील बडोदेकरांस हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत सामान्यतः ज्या भागात आपले घर, त्या भागाच्या निर्वाचित शिक्षण मंडळाची शाळा मुलास मिळते. चार्टर शाळाही सरकारी पैशावरच चालते, परंतु तिचा कारभार त्या मंडळाकडे नसून एका स्वतंत्र संचालक मंडळाकडे असतो. या संचालक मंडळास ठरावीक मुदतीची सनद मिळते. अभ्यासक्रम, वेळापत्रक, शिक्षकांची नेमणूक यांत त्यांना मोकळीक असते आणि मोबदल्यात मुलांची प्रगती दाखवावी लागते. ती न दाखविल्यास सनदेचे नूतनीकरण होत नाही. आपल्याकडील अनुदानित शाळेशी हे काहीसे जुळते. संस्था खाजगी, पैसा सरकारी. फरक असा की आपल्याकडे अनुदान एकदा चालू झाले की सहसा चालूच राहते.

याविषयीचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल येथे सिटी अकॅडमी ही पहिली शाळा उघडली. ती हुशार मुलांसाठी नव्हती, शिक्षण सुटलेल्या मुलांना पुन्हा वर्गात आणण्यासाठी होती. हे आवर्जून सांगण्याचे कारण असे की आपल्या समाजात 'चार्टर' या शब्दास नकळत 'निवडक व उत्तम' असा अर्थ चिकटला आहे. वस्तुतः या शाळांत फार उत्तम आहेत, सामान्य आहेत आणि टाळाव्यात अशाही आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत गणितात १७ टक्के चार्टर शाळा तुलनेच्या सरकारी शाळांहून सरस आणि ३७ टक्के कमी ठरल्या होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत चित्र पालटले. चार्टर शाळांतील मुले सरासरीने वर्षाकाठी वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे आढळली. मात्र केवळ संगणकावरून चालणाऱ्या चार्टर शाळांतील मुले वाचनात ५८ व गणितात १२४ दिवसांनी मागे होती. तेव्हा सरासरी सोडून द्यावी आणि समोरची एक शाळा पाहावी.

आता त्या शंभर टक्क्यांविषयी. आमच्या मते सर्वात अधिक फसगत होते ती येथेच, आणि गंमत म्हणजे शाळा खोटे बोलत नसते. समजा, एका शाळेत नववीत १२० मुले आली. दहावीत त्यांतील २५ गेली, अकरावीत आणखी २०, बारावीपर्यंत आणखी १५. उरलेली ६० मुले उत्तीर्ण झाली आणि सर्वांस महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शाळेच्या फलकावर 'शंभर टक्के' असे लागते. तेथील चार वर्षांच्या उत्तीर्णतेच्या अधिकृत गणनेतही, जे मूल दुसऱ्या शाळेत गेल्याची कागदोपत्री नोंद आहे, ते मूळ संख्येतून वजा केले जाते. म्हणजे निम्मी मुले सोडून गेली तरी सरकारी आकडा निर्दोष राहू शकतो. जे गेले ते कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत. आपले मूल त्या ६० पैकी असेल की गेलेल्या ६० पैकी, हाच पालकांचा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शाळेस विचारण्यापूर्वी स्वतःच काढता येते. प्रत्येक सरकारी शाळेतील इयत्तावार पटसंख्या राज्याच्या शिक्षण खात्याकडून व केंद्राच्या शिक्षण-सांख्यिकी केंद्राकडून प्रसिद्ध होते, आणि चार्टर शाळाही त्यांत असतात. २०२१ च्या शरद ऋतूतील पटावरील नववी, २०२२ ची दहावी, २०२३ ची अकरावी आणि २०२४ ची बारावी, अशी एकाच तुकडीची संख्या ओळीने मांडावी. एकाच वर्षाची नववी व बारावी शेजारी ठेवू नये, कारण नवी शाळा दरवर्षी वाढत असेल तर बारावी लहान असणे स्वाभाविक आहे. रिकाम्या जागी दहावी-अकरावीत नवी मुले घेतात काय, हेही विचारावे. घेत असतील, तर गळती पटावर दिसते त्याहून मोठी असू शकते.

गळती दिसली म्हणून शाळा वाईट असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोणी गाव बदलते, कोणास मोठ्या शाळेतील खेळ व वाद्यवृंद हवा असतो. परंतु अभ्यासाचा वेग न झेपल्यामुळे मुले जात असतील, तर ते आधी कळलेले बरे. यासाठी शाळेने भेटीच्या दिवशी पुढे उभ्या केलेल्या पालकांशी बोलण्यापेक्षा, जी दोन-तीन कुटुंबे सोडून गेली त्यांना शोधून त्यांच्याशी बोलावे. तेथील महाराष्ट्र मंडळात चौकशी केली की अशी घरे सहज सापडतात.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. एखाद्या मुलास वाचन-लेखनाची अडचण असेल, एकाग्रता होत नसेल किंवा तत्सम काही असेल, तर आपल्या घरांत ते झाकून ठेवण्याकडे कल असतो. "अर्जात लिहिले तर प्रवेश मिळणार नाही" ही भीती आम्ही अनेकदा ऐकली आहे. ही भीती निराधार आहे. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सोडत निघते, आणि अशा कारणावरून प्रवेश नाकारण्यास कायद्याने मनाई आहे. विशेष शिक्षणाची सोय करणे चार्टर शाळेसही बंधनकारक आहे. विचारावयाचे ते हे की अशा मुलांसाठी प्रशिक्षित शिक्षक शाळेत रोज असतात काय, की आठवड्यातून एकदा बाहेरून येतात. "तुमच्या मुलास दुसरी शाळा अधिक मानवेल" असे गोड शब्दांत कोणी सुचविल्यास सावध व्हावे.

माध्यमिक स्तरावर शाळेचे विषय पुढे मान्य होतात काय, हेही महत्त्वाचे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी, राज्य विद्यापीठाच्या प्रवेशास लागणाऱ्या 'ए-जी' विषयसूचीत शाळेचे कोणते विषय मंजूर आहेत ते पाहावे. ही सूची शाळानिहाय प्रसिद्ध असते. विज्ञानाचा प्रयोगशाळेसह विषय आणि परकीय भाषेची सलग वर्षे या दोन ठिकाणी लहान शाळा कमी पडण्याचा संभव असतो. शिक्षक किती वर्षे टिकतात हेही विचारावे. ॲरिझोनासारख्या राज्यात चार्टर शाळेच्या शिक्षकास सर्वसाधारण विषयांसाठी सरकारी प्रमाणपत्र असण्याची अट नाही.

सनदेची मुदत व शाळेचे हिशेब पाहण्याचा पालकांना कंटाळा येतो, पण विश्वस्त मंडळींना तरी त्याचे महत्त्व सांगावयास नको. ओहायो राज्यातील ई-कॉट ही संगणकावरून चालणारी मोठी चार्टर शाळा जानेवारी २०१८ मध्ये वर्षाच्या मध्यावर बंद झाली आणि सुमारे १२,००० मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. अकरावीत असलेल्या मुलावर अशी वेळ येणे किती कठीण! सनद केव्हा संपते, मागील नूतनीकरणाच्या वेळी कोणते शेरे मिळाले, हे सनद देणाऱ्या संस्थेकडे मागता येते. संचालक मंडळाच्या सभाही सामान्यतः सर्वांस खुल्या असतात. तेथे तासभर बसल्यास माहितीपत्रकाहून अधिक कळते.

फी नसते हे खरे. काही शाळा देणगी मागतात. ती ऐच्छिक असते. बसची सोय मात्र अनेक ठिकाणी नसते, तेव्हा सकाळी व दुपारी कोण नेणार-आणणार हे घरात आधी ठरवावे. सहा महिन्यांसाठी गेलेले आजोबा तेथे गाडी चालवीत नाहीत!

एका सभासदाने विचारले की तेथील देवस्थानास अशी शाळा काढता येईल काय. धार्मिक शाळा म्हणून येत नाही. ओक्लाहोमात एका कॅथलिक संस्थेस मिळालेली सनद त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द ठरविली, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी समान विभागणी झाल्याने तो निकाल कायम राहिला. मंदिराच्या रविवारच्या मराठी व संस्कार वर्गांचा यात काही संबंध नाही. ते स्वतंत्र आहेत.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाचे अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच भरले जातात व वसंत ऋतूच्या सुमारास सोडत निघते. नाव लागल्यावर होकार कळविण्यास थोडेच दिवस मिळतात, म्हणून वर सांगितलेली चौकशी सोडतीपूर्वी पुरी करावी. नाव प्रतीक्षायादीत राहिल्यास खंत करू नये. घराच्या पत्त्यावरून मिळणारी जवळची सरकारी शाळा मुलास खुली असतेच, आणि पटाचे आकडे तिचेही त्याच पद्धतीने मांडून पाहता येतात.