प्रवाळ म्हणजे दगड नव्हे

चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील तरुण मंडळींनी सुट्टीला रजा जोडून मालवण-तारकर्ली गाठावे, पाठीला सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी काही मिनिटे घालवावीत आणि व्हिडिओ घेऊन परतावे, हा आता शिरस्ताच झाला आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या पाण्यात आपण उतरतो त्याविषयी मनात बाळगलेले कित्येक समज सर्वस्वी चुकीचे आहेत.

सिलिंडरात ऑक्सिजन असतो, हा त्यांतला निरुपद्रवी समज. वास्तविक त्यात गाळून, कोरडी करून, सुमारे 200 बार दाबाने भरलेली साधी हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरांखाली घातक ठरू लागतो.

खरा अनर्थ करतो तो दुसरा समज: प्रवाळ म्हणजे दगड, सबब त्यावर पाय टेकण्यास हरकत नाही. तो खडबडीत, तपकिरी उंचवटा अगदी जवळून पाहिला, तर त्यावर काही मिलिमीटर रुंदीच्या असंख्य जिवंत प्राण्यांची दाट वस्ती आढळते. त्यांच्या देहांत सूक्ष्म शैवाले राहतात, ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्याच अन्नावर ही वस्ती बव्हंशी पोसली जाते. घुमटाकार जातीचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढते, म्हणजे एका टाचेखाली जे मोडते ते पुन्हा उभे राहण्यास दशक जाऊ शकते. नुसत्या बोटानेही त्यावरचे संरक्षक श्लेष्मल आवरण निघते. तयार झालेल्या भागाच्या घासलेल्या पृष्ठाला उघडा हात लावू नये, हे ज्यांना कारखान्यात निराळे सांगावे लागत नाही, त्यांना हे पटण्यास अडचण पडू नये. पायांतील फिन्स तळाशी आपटल्या की उडालेला गाळ त्याच प्राण्यांवर बसतो आणि त्यांचा प्रकाश अडवितो, म्हणून गुडघे वाकवून स्वस्थ राहणे आणि गाइड नेईल तसे जाणे हेच इष्ट. उष्णतेने पांढरे पडलेले प्रवाळही मेलेलेच असते असे नाही. पाणी वेळीच निवळून थंड झाले तर ते सावरू शकते, आणि त्या अवस्थेत तर त्याला मुळीच छेडू नये.

समुद्र सर्वांचा, तेव्हा आठवण म्हणून एखादा तुकडा उचलण्याची मुभा असणारच, हा समज कायद्यापुढे टिकत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे 29 चौरस किलोमीटरांचा इलाखा 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. खडकनिर्माते प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या अनुसूचीतील जिवांविषयीच्या गुन्ह्यास किमान 3 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. रिकाम्या शंखांनाही वाली असतो. मऊ पोटाचे खेकडे त्यांतच बिऱ्हाड करतात.

माशांना पाव घालणे ही भूतदया, असे पुष्कळांना मनापासून वाटते, आणि फोटोत मासे दाटीने यावेत म्हणून पावाची तजवीजही केली जाते. पण पाव हे माशांचे अन्न नव्हे. शिवाय त्याच्या आशेने काही धीट जातीच तेवढ्या गर्दी करतात, आणि प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या माशांचे नित्याचे चरणे विस्कळीत होते. गाइडला हे कळत नाही असे नव्हे. गिऱ्हाईक नाराज होईल ही त्याची धास्ती असते. तेव्हा ‘दादा, पाव नको, असतील तेवढे मासे दाखवा’ हे आपणच होडीत, पाण्यात उतरण्यापूर्वी सांगावे, कारण खाली गेल्यावर तोंडात नळी असते आणि बोलता येत नाही.