कॉक्लँ, ब्नवा काँस्ताँ
(२३ जानेवारी १८४१–२७ जानेवारी १९०९). विख्यात फ्रेंच नट, नाट्यनिर्माता आणि अभिनयकलेचा मीमांसक. विनोदी भूमिकांसाठी त्याची मुख्यतः ख्याती असली, तरी गंभीर व करुण भूमिकांतही त्याने मोठे यश मिळविले. त्याचा धाकटा भाऊ एर्नेस्त हाही नट असल्यामुळे फ्रेंच रंगभूमीच्या इतिहासात दोघांचा निर्देश ‘थोरला कॉक्लँ’ व ‘धाकटा कॉक्लँ’ असा केला जातो.

त्याचा जन्म उत्तर फ्रान्समधील बूलॉन्य-स्यूर-मेर ह्या बंदराच्या गावी एका पाववाल्याच्या कुटुंबात झाला. मुलाने भट्टीचाच धंदा सांभाळावा, अशी घरची अपेक्षा होती. तथापि नाटकाच्या ओढीने तो पॅरिसला गेला आणि १८५९ मध्ये तेथील कॉन्झर्व्हात्वार ह्या संगीत-नाट्य विद्यालयात रेन्ये ह्या जाणत्या विनोदी नटाच्या वर्गात दाखल झाला. रेन्येची शिकवण काटेकोर होती. शब्दोच्चाराची स्वच्छता, वाक्यातील वजनाची नेमकी जागा आणि हालचालींची काटकसर ह्यांवर त्याचा भर असे. कॉक्लँच्या पुढील साऱ्या अभिनयाचा पाया ह्या शिस्तीतच घातला गेला. वर्षभरातच विनोदी अभिनयाचे पारितोषिक मिळवून ७ डिसेंबर १८६० रोजी त्याने कॉमेदी फ्रांसेझ ह्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर मोल्येरच्या एका सुखात्मिकेतील ग्रो-रने ह्या सेवकाच्या भूमिकेत पदार्पण केले. पुढच्याच वर्षी बोमार्शेच्या फिगारोचा विवाह ह्या नाटकातील फिगारोने त्याला पॅरिसच्या प्रेक्षकांचा आवडता नट बनविले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८६४ मध्ये, संस्थेने त्याला भागधारक सदस्य करून घेतले. हा मान इतक्या लहान वयात क्वचितच कोणाला मिळाला असेल.

निसर्गाने कॉक्लँला नायकाचे रूप दिलेले नव्हते. ठेंगणा, रुंद बांधा, गोल चेहरा आणि वर वळलेले आखूड नाक, अशा रूपाच्या नटाला प्रणयी नायकाच्या भूमिका मिळणे त्या काळच्या संकेतांनुसार शक्यच नव्हते. फ्रेंच रंगभूमीवर भूमिकांचे साचे ठरून गेलेले होते आणि नट एकदा सेवकाच्या साच्यात शिरला, की जन्मभर सेवकच राहत असे. कॉक्लँजवळ मात्र एक असामान्य साधन होते, ते म्हणजे त्याचा आवाज. तुतारीसारखा खणखणीत आणि तरीही मुलायम होऊ शकणारा हा आवाज पद्याच्या लांबच लांब ओळी एका दमात, एकही अक्षर न गिळता, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवीत असे. मोल्येरचे मास्कारीय व स्कापँ हे लुच्चे, वाचाळ सेवक त्याने ह्या आवाजाच्या जोरावर अक्षरशः गाजविले. कादंबरीकार हेन्री जेम्स हा त्याच्या चाहत्यांपैकी एक होता. त्याने कॉक्लँच्या कलेवर स्वतंत्र निबंध लिहिला असून त्यातही ह्या आवाजाची आवर्जून दखल घेतली आहे.

साच्याबाहेर पडण्याची पहिली मोठी संधी त्याला थेओदॉर द बाँव्हीलच्या ग्रेंग्वार (१८६६) ह्या एकांकिकेने दिली. अकराव्या लूई राजासमोर उभा केलेला हा उपाशी, कुरूप कवी केवळ आपल्या वाणीने एका तरुणीचे मन जिंकतो आणि त्यायोगे स्वतःचा जीव वाचवितो. प्रेक्षक हसायला आले होते. कॉक्लँने त्यांना हसविताहसविता रडविले. कुरूप देह व सुंदर वाणी ह्यांचा जो विरोध तीस वर्षांनंतर त्याच्या सर्वश्रेष्ठ भूमिकेचा कणा ठरला, त्याचे बीज ह्या लहानशा नाटकात दिसते. पुढे धाकट्या द्यूमाच्या परदेशी स्त्री (१८७६) ह्या नाटकात अधःपतित सरदाराची आणि व्हीक्तॉर ह्यूगोच्या रुई ब्लासच्या १८७९ मधील पुनरुज्जीवनात दोन सेझार द बाझाँ ह्या कफल्लक उमरावाची भूमिका त्याने केली. कॉमेदी फ्रांसेझमधील पहिल्या सव्वीस वर्षांत चाळीसहून अधिक नव्या नाटकांतील भूमिका त्याने प्रथम रंगमंचावर आणल्या. त्यांपैकी बरीच नाटके आज विस्मृतीत गेली आहेत.

कॉमेदी फ्रांसेझशी त्याचे जे भांडण झाले, ते केवळ वैयक्तिक मानापमानाचे नव्हते. नेपोलियनने १८१२ मध्ये मॉस्कोत असताना काढलेल्या हुकुमान्वये ह्या संस्थेची घडी बसविलेली होती. सदस्य-नटांना नफ्यात वाटा, कारभारात मत आणि निवृत्तिवेतन मिळे. पण त्याच्या मोबदल्यात ते संस्थेला दीर्घकाळ बांधलेले असत. रजेच्या काळात इतरत्र प्रयोग करण्यावर बंधने होती आणि निवृत्त सदस्याला पॅरिसमधील अन्य नाट्यगृहात परवानगीवाचून काम करता येत नसे. रेल्वे आणि आगबोटींमुळे नटाला सारे जग खुले झालेले असताना ही बंधने कॉक्लँला जाचू लागली. दौऱ्यांच्या हक्कावरून वाद विकोपाला जाऊन १८८६ मध्ये त्याने राजीनामा दिला. नंतरच्या काळात त्याने यूरोपभर व अमेरिकेत दौरे काढले आणि अमाप पैसा व कीर्ती मिळविली. १८९० मध्ये तो परतला, तो सदस्य म्हणून नव्हे, तर केवळ वेतनी नट म्हणून.

हा दुसरा मुक्काम अल्पकाळचा व वादळी ठरला. व्हीक्तॉर्यँ सार्दूच्या तेर्मिदॉर ह्या नाटकात कॉक्लँने लाब्यूसिएरची भूमिका केली. लाब्यूसिएर ही ऐतिहासिक व्यक्ती होती. दहशतीच्या राजवटीत कारकुनी करीत असताना आरोपपत्रांचे कागद नाहीसे करून त्याने अनेकांना, त्यांत कॉमेदी फ्रांसेझच्या नटांनाही, गिलोटिनपासून वाचविले, असे सांगतात. २४ जानेवारी १८९१ रोजी पहिला प्रयोग झाला. रोब्झपिएरवरील टीका हा क्रांतीचाच अवमान आहे, असे मानणाऱ्यांनी पुढच्या प्रयोगात दंगल केली आणि सरकारने नाटकावर बंदी घातली. ह्या बंदीवर संसदेत जी चर्चा झाली, तीत झॉर्झ क्लेमांसोने क्रांती ही अखंड वस्तू असून तिचे तुकडे पाडून काही स्वीकारता व काही नाकारता येत नाहीत, ह्या आशयाचे आपले प्रसिद्ध भाषण केले. त्याच वर्षी शेक्सपिअरच्या कर्कशेवर आधारलेल्या नाटकात कॉक्लँने पेट्रूकिओ रंगविला. पण १८९२ मध्ये त्याने संस्था कायमची सोडली. १८९५ मध्ये सारा बेर्नारच्या रनेसाँस नाट्यगृहात तो काम करू लागताच संस्थेने त्याच्यावर फिर्याद केली. नट हा संस्थेचा की स्वतःचा, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयात व वृत्तपत्रांतही गाजला.

पुढे कॉक्लँ पोर्त-सँ-मार्तँ ह्या जुन्या, अतिनाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नाट्यगृहाचा चालक झाला. तेथे २८ डिसेंबर १८९७ रोजी एद्माँ रॉस्ताँच्या सीरानो द बेर्झराक ह्या पद्यनाटकाचा पहिला प्रयोग झाला. पाच अंक, मोठा नटसंच आणि खर्चिक नेपथ्य ह्यांमुळे हा जुगारच होता. वास्तववादी नाटकांचे ते दिवस होते; वीरकथेवरील पद्यनाटकाला कोणी विचारील, असे खुद्द एकोणतीस वर्षांच्या नाटककारालाही वाटत नव्हते. मात्र पहिल्याच रात्री नाटकाला जो प्रतिसाद मिळाला, त्याला फ्रेंच रंगभूमीवर फार थोड्या तुलना सापडतात. नायकाच्या वाट्याला नाटकातील निम्म्याहून अधिक पद्य येते. तलवारबाजी करीत रचलेले काव्य, दुसऱ्याच्या नावे अंधारात केलेले प्रेमनिवेदन आणि शेवटी गळणाऱ्या पानांत आलेला मृत्यू, असा ह्या भूमिकेचा विस्तार आहे. कॉक्लँ तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. सेवकांच्या भूमिकांत कमावलेली चपळाई, ग्रेंग्वारमधील कारुण्य आणि दोन सेझारचा फाटका रुबाब हे सर्व येथे एकत्र आले. जन्मभर आखूड नाकाने ज्याला नायकपदापासून दूर ठेवले, त्या नटाला अखेर एका लांब, खोट्या नाकाने नायक केले, हा योगायोग समकालीनांच्याही नजरेतून सुटला नसावा. रॉस्ताँने आपले नाटक कॉक्लँलाच अर्पण केले. राग्नो ह्या कवितावेड्या हलवायाची भूमिका कॉक्लँचा मुलगा झाँ ह्याने केली होती.

१९०० मध्ये कॉक्लँ सारा बेर्नारबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तेथे तिने त्याच्या सीरानोसमोर रॉक्सान केली. उलट रॉस्ताँच्याच लेग्लाँमध्ये ती तरुण राजपुत्र आणि तो फ्लांबो हा म्हातारा शिपाई झाला. तिच्या हॅम्लेटमध्ये तर त्याने कबर खणणाऱ्याची छोटी भूमिकाही आनंदाने केली. त्याच वर्षीच्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात सीरानोच्या द्वंद्वयुद्धाचा प्रवेश चित्रफितीवर घेऊन ध्वनिलेखाच्या नळकांड्याच्या साथीने दाखविण्यात आला. चित्र व आवाज एकत्र आणण्याच्या अगदी प्रारंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. हा तुकडा उपलब्ध असून एकोणिसाव्या शतकातील थोर नटांपैकी ज्यांची हालचाल व आवाज दोन्ही आज अनुभवता येतात, अशा मोजक्यांत कॉक्लँचा समावेश होतो.

अभिनयाच्या इतिहासात कॉक्लँचे महत्त्व त्याच्या भूमिकांइतकेच त्याच्या विचारांमुळे आहे. कला आणि नट (१८८०, म. शी.) व नटाची कला (१८९४, म. शी.) हे त्याचे प्रमुख ग्रंथ. मोल्येरच्या आल्सेस्त, आर्नॉल्फ व तार्त्यूफ ह्या व्यक्तिरेखांवरही त्याने पुस्तिका लिहिल्या. स्वच्छंदतावादी पिढीने ह्या पात्रांना शोकात्म छटा दिली, ती त्याला मान्य नव्हती; मोल्येरने ती हसण्यासाठी निर्मिली असून नटाने त्यांना विनोदीच ठेवले पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. ह्या पुस्तिका थोड्या एकांगी आहेत; परंतु संहितेचे इतके बारीक वाचन त्या काळच्या टीकाकारांतही विरळाच आढळते.

त्याच्या मूळ सिद्धांतानुसार नटाच्या ठिकाणी दोन ‘स्व’ असतात. पहिला ‘स्व’ पाहतो, कल्पना करतो व हुकूम देतो. दुसरा म्हणजे नटाचा देह, चेहरा व आवाज, अर्थात त्या पहिल्याचे वाद्य. चित्रकाराजवळ रंग व फलक असतात, शिल्पकाराजवळ माती असते. नटाची सामग्री मात्र तो स्वतःच असतो. तार्त्यूफ उभा करायचा असेल, तर पहिला ‘स्व’ त्याचा पोशाख, चाल व मुद्रा मनात पाहतो आणि दुसऱ्याला त्याप्रमाणे घडवीत जातो. ह्या दोहोंत सत्ता पहिल्याचीच असली पाहिजे. भावनेच्या परमोच्च क्षणीही नटाने स्वतःवरचा ताबा सोडता कामा नये. प्रेक्षकाला रडवायचे असेल, तर नटाने स्वतः रडण्याचे कारण नाही. दनी दीद्रोने नटाविषयीच्या आपल्या संवादात अठराव्या शतकात मांडलेला आणि १८३० मध्ये प्रथम प्रकाशित झालेला विचारच कॉक्लँने येथे पुढे नेला. फरक असा, की दीद्रो हा प्रेक्षागृहातून पाहणारा तत्त्वज्ञ होता, तर कॉक्लँ रोज रात्री रंगमंचावर उभा राहणारा व्यावसायिक.

आपल्या मताच्या समर्थनार्थ तो स्वतःवरचाच एक प्रसंग सांगत असे. एमील ऑज्येच्या एका नाटकात आनिबाल हे पात्र मद्याच्या धुंदीत झोपी जाते. एकदा अतिशय थकलेला असताना कॉक्लँला त्या प्रवेशात खरोखरच झोप लागली आणि तो घोरू लागला. ह्या खऱ्या घोरण्याबद्दल त्याचे कौतुक झाले नाहीच. उलट ते घोरणे अतिरंजित व अस्वाभाविक असल्याचा ठपका आला. रंगभूमीवरील सत्य हे निसर्गातील सत्याहून वेगळे असते, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१८८७ मध्ये त्याचे हे विचार एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध होताच इंग्रज नट सर हेन्री अर्व्हिंगने त्यांना उत्तर दिले. नटाला भावना जाणवलीच पाहिजे. ती जाणवत असतानाही तिच्यावर नियंत्रण ठेवणे हेच कौशल्य, असे अर्व्हिंगचे म्हणणे होते. विल्यम आर्चरने मग अनेक नटांकडे पृच्छा करून १८८८ मध्ये ह्या वादावर एक पुस्तक लिहिले. दोघा नटांतील भेद एकाच पात्रामुळे नीट कळतो. एर्कमान-शात्रियाँच्या पोलिश ज्यू ह्या नाटकातील मातियास हा गावप्रमुख पूर्वी केलेला खून लपवून प्रतिष्ठित झालेला आहे. अर्व्हिंगचा मातियास सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीने पछाडलेला, भयाण दिसे. कॉक्लँचा मातियास खाऊनपिऊन सुखी, हसरा गृहस्थ असून त्याला भीती वाटे ती केवळ पकडले जाण्याची. संहितेला कॉक्लँ अधिक जवळ होता असे म्हणता येईल. पण रंगमंचावर थरकाप उडविण्याचे सामर्थ्य अर्व्हिंगच्या मातियासमध्ये होते. हा वाद ह्या दोघांबरोबर संपला नाही. स्तानिस्लाव्हस्कीने भूमिका प्रत्यक्ष जगण्याच्या आपल्या पद्धतीहून भिन्न अशा ‘दर्शनाच्या कले’चा प्रतिनिधी म्हणून कॉक्लँचाच निर्देश केला आणि तिच्या मर्यादा दाखविल्या. उलट मायरहोल्टने नटाचे सूत्र मांडताना कॉक्लँचे दोन ‘स्व’ जवळजवळ जसेच्या तसे उचलले.

एकपात्री भाषण किंवा स्वगतकथन हा बैठकीत सादर करण्याचा हलकाफुलका प्रकार दोघा भावांनी लोकप्रिय केला आणि त्याच्या तंत्रावर १८८४ मध्ये मिळून एक पुस्तकही लिहिले. ह्या प्रकारात धाकट्याचा विक्षिप्त, कोरड्या चेहऱ्याचा विनोद थोरल्यापेक्षा अधिक रंगे. राजकारणात कॉक्लँ प्रजासत्ताकवादी असून लेआँ गांबेताशी त्याची निकटची मैत्री होती.

आयुष्याच्या उत्तरार्धात नाट्यकलावंतांच्या परस्पर-साहाय्य मंडळाचा अध्यक्ष म्हणून त्याने केलेले कार्यही महत्त्वाचे आहे. म्हातारपणी निराधार होणाऱ्या नटनटींसाठी त्याने पॅरिसच्या पूर्वेस पाँ-ओ-दाम येथे एका जुन्या मठाच्या जागेवर निवृत्तिगृह उभारले. ते १९०५ मध्ये सुरू झाले. दौऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी निवृत्तिवेतन देणाऱ्या संस्थेशी जो भांडला, त्यानेच अशा संस्थेचे छत्र नसलेल्या सामान्य नटांची ही सोय केली.

रॉस्ताँ त्याच्यासाठी शांतक्लेर हे नवे नाटक लिहीत होता. सर्व पात्रे पशुपक्षी असलेल्या ह्या नाटकात कोंबड्याची प्रमुख भूमिका कॉक्लँ करणार होता. ते लांबत गेले. अखेर तालमींच्या काळातच, २७ जानेवारी १९०९ रोजी, पाँ-ओ-दाम येथे तो मरण पावला. तेथील उद्यानातच त्याचे दफन करण्यात आले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत धाकटा कॉक्लँही निवर्तला. शांतक्लेर फेब्रुवारी १९१० मध्ये पोर्त-सँ-मार्तँला सादर झाले. त्यात कोंबड्याची भूमिका ल्यूस्यँ गीत्रीने आणि कुत्र्याची झाँ कॉक्लँने केली.