कारची काच दारात अडकली? आधी आवाज ऐका

पोखर्णीच्या नृसिंहाला गाडीने येणाऱ्यांसाठी आणि इथल्या गाडीवाल्यांसाठी ही पोस्ट. काळ्या मातीची धूळ काचेच्या रबर चॅनलमध्ये बसते, काच जड होते आणि सगळा ताण काच वर-खाली करणाऱ्या मशीनवर येतो.

बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण काच हलत नाही? मग बहुतेक वेळा केबल तरी तुटलेली असते, नाहीतर काच धरणारा प्लास्टिकचा स्लायडर. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा, मग स्विच. एवढ्याने भागलं तर दाराचं आतलं पॅड उघडायचं कारणच नाही.

उघडावंच लागलं, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काच वर ओढून रुंद टेपने फ्रेमला घट्ट चिकटवा. ही पायरी कृपा करून टाळू नका, सुटलेली काच बोटांवर पडते. हँडलवाल्या जुन्या मारुती ८०० मध्ये हँडलमागची तारेची क्लिप फडकं मागे-पुढे ओढून निघते. कात्रीसारख्या दांड्यांच्या मशीनला मोठी स्प्रिंग असते. दांड्या बांधल्याशिवाय मोटर काढू नका.

आतला प्लास्टिकचा कागद मात्र फाडू नका. पावसाचं पाणी दारात उतरतंच. तो कागद ते गाडीत येऊ देत नाही.

शेवटी चॅनल पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यात धूळ चिकटते. पॅड बसवण्याआधी बॅटरीची वायर जोडून काच वर-खाली करून बघा.