जेवलास का, पैलवान?

मंडळी, दोन गडी भेटले की काय बोलतात? "जेवलास का?" "गावाकडं पाऊस हाय का?" "सोयाबीनला काय भाव निघाला?" असल्या बोलण्यात वेळ जातो, दुसरे काही नाही, असे शहाणी माणसे म्हणतात. आम्हालाही तसेच वाटत असे. पण चाकणला एका खोलीवर चार दिवस राहिलो, आणि आमचे मत बदलले.

चाकण पुणे जिल्ह्यात आहे. तिथला कांद्याचा बाजार जुना. आता तिथे मोटारींचे कारखाने आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून पोरे कामाला येतात. एकट्याला भाडे परवडत नाही. मग चार-पाच जण मिळून एक खोली घेतात. वर पत्रा, एक दार, एक खिडकी. एक जण रात्रपाळी करून येतो, दुसरा दिवसपाळीला निघतो. त्याने सोडलेल्या अंथरुणावर हा निजतो.

आम्ही गेलो त्या खोलीत पाच जण होते. थोरल्याला सगळे दादा म्हणत. एकाला पैलवान म्हणत. गावी असताना तो तालमीत जाई, म्हणून ते नाव पडले होते.

संध्याकाळी सगळे उंबऱ्याशी चहा घेत बसले. ओव्हरटाइमचे बोलणे निघाले. कुणाच्या तरी बहिणीचे लग्न ठरले होते, त्याचे निघाले. मधेच पैलवान खोकला. बराच वेळ खोकला. सगळे गप्प झाले. मग एकदम मोठ्याने बोलू लागले. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. ऐकले मात्र सगळ्यांनी.

पैलवान पाणी भरायला गेला. लगेच कुजबुज सुरू झाली.

"महिना झाला, खोकतोच आहे."

"रात्री बनियन भिजतं घामानं."

"पट्ट्याला नवं भोक पाडलं त्यानं. बघितलं का?"

"टीबी असला तर आपलं काय? दादा, तुम्ही सांगा त्याला. गावी जा म्हणावं."

एकाने आपला पेला आधीच वेगळा करून ठेवला होता.

पाहा, खोलीत सगळ्यांना सगळे ठाऊक होते. ज्याला दुखणे होते त्याच्याशी मात्र कुणी बोलत नव्हते. आणि तोही बोलत नव्हता. का? बोललो तर खोली जाईल, ठेकेदार कामावरून काढील, ही भीती. आम्हाला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी आम्हीही कदाचित तेच केले असते.

आता हे दुखणे समजून घेऊ. क्षय म्हणजेच टीबी. तो एका जंतूमुळे होतो. 1882 साली जर्मनीत रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टराने तो जंतू शोधून काढला. आजारी माणूस खोकतो तेव्हा जंतू हवेत जातात. बंद खोलीत ते हवेत राहतात, आणि दुसऱ्याच्या श्वासातून छातीत जातात. ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून तो पसरत नाही. म्हणजे पेला वेगळा ठेवून काही साधत नाही. खिडकी उघडली तर साधते. त्या खोलीची खिडकी डासांसाठी पुठ्ठा लावून बंद केली होती!

दोन आठवडे खोकला राहिला, की बेडका तपासून घ्यावा. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणे, बेडक्यात रक्त, ही आणखी लक्षणे. पण खोकला बिडीचाही असतो, दम्याचाही असतो. शेजाऱ्याने ओळखायचे ते काम नाही. तपासणीनेच कळते. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा, आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. तोंडातली नुसती थुंकी चालत नाही.

आणि रोग्याला गावी लावून द्यावे का? पूर्वी डॉक्टरही असेच म्हणत, की रोग्याला घरापासून दूर, आरोग्यधामात ठेवा. मग 1956 साली मद्रासला एक मोठी पाहणी सुरू झाली. काही रोगी आरोग्यधामात ठेवले. काहींना तीच औषधे देऊन घरीच ठेवले. घरे गरिबांची, दाटीची, खाणे बेताचे. तरी घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या घरातल्या माणसांवर पाच वर्षे नजर ठेवली. रोगी घरात राहिला म्हणून त्यांना टीबी जास्त झाला नाही. औषध नीट लागू पडले, की काही आठवड्यांत रोग्यापासून पसरण्याची भीती पुष्कळ कमी होते. खरा धोका त्याआधीच्या दिवसांत असतो. म्हणजे जेव्हा सगळे गप्प बसलेले असतात तेव्हा.

हे आम्ही दादांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. सकाळी चहा घेताना म्हणाले, "पैलवान, मला दवाखान्यात जायचंय. रक्तदाब दाखवायचा आहे. चल की सोबत."

"मी कशाला?"

"तुझा खोकलाही दाखवू. सांगतो ते ऐक. खोली काही तुझी जात नाही."

पैलवान मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "दोन महिने झाले, दादा." खोलीतल्यांना एकच महिना वाटत होता.

बेडक्यात जंतू निघाले. औषध सुरू झाले. सहा महिन्यांचे औषध, रोज घ्यायचे, पैसे पडत नाहीत. पहिल्याच दिवशी लघवी तांबडी-केशरी झाली, आणि पैलवान घाबरला. ते एका गोळीच्या रंगाने होते. त्याला भ्यायचे कारण नाही. पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टरकडे जावे.

बाकीच्या चौघांचीही तपासणी झाली, छातीचे फोटो निघाले. कुणाला रोग नव्हता. रोग होऊ नये म्हणून त्यांनाही गोळ्या मिळाल्या. खिडकीचा पुठ्ठा निघाला, तिथे जाळी लागली. पैलवान खिडकीशी निजू लागला, आणि खोकताना तोंडावर फडके धरू लागला. पहिले दोन महिने तो कामावर गेला नाही. त्याच्या वाट्याचे भाडे चौघांनी भरले. पेला वेगळा ठेवणाऱ्याने थोडी कुरकूर केली, पण भरले. खुराकासाठी सरकार रोग्याच्या खात्यावर पैसे घालते. 2018 पासून महिना 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. त्यातून अंडी, डाळ, शेंगदाणे आले.

सर्वांत अवघड तिसरा महिना. खोकला गेलेला असतो, भूक लागते, अंगात जोर येतो. मग वाटते, आता गोळ्या कशाला? आणि तिथेच माणूस फसतो. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, की जंतू जिवंत राहतात आणि औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो, आणि अधिक जड जातो. पैलवानानेही तीन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. दादांना हे कसे कळले? त्यांनी पाळत ठेवली नव्हती. जेवताना नेहमीसारखे विचारले, "जेवलास का, पैलवान? गोळी घेतलीस का?" तो घटकाभर थांबून "हो" म्हणाला. त्या थांबण्यावरून त्यांनी ओळखले. दुसऱ्या दिवशी दोघे दवाखान्यात जाऊन सांगून आले, आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

परवा आम्ही फोन केला. दादांनी उचलला.

"पैलवान कसा आहे?"

"पाळीवर गेलाय. पाचवा महिना चाललाय. तुमच्याकडं पाऊस कसा आहे?"

मग आम्ही पावसाचे बोललो.