शिकागो आणि ह्यूस्टन : शेजार कुणाचा?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणं आटोपली, पानसुपारी फिरली, की गप्पांची गाडी हमखास एका स्टेशनावर येऊन थांबते : राहायला शहर कुठलं चांगलं? कॅलिफोर्नियावाले हवामानाची बढाई मारतात, न्यू जर्सीवाले भाजीबाजाराची. शाळा, घरांच्या किंमती, देशात जाणाऱ्या विमानांची सोय, सगळ्याचा ऊहापोह होतो. एक प्रश्न मात्र जरा खालच्या आवाजात विचारला जातो. "एरिया कसा आहे हो?" या प्रश्नाचा खरा अर्थ विचारणाऱ्यालाही माहीत असतो आणि उत्तर देणाऱ्यालाही. शेजारी कोण आहेत, गोरे, काळे, मेक्सिकन की आपले, एवढंच विचारायचं असतं.

आम्ही दोघं १९९४ साली शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आलो आणि २०११ मध्ये नोकरीच्या निमित्ताने बिऱ्हाड उचलून ह्यूस्टनच्या नैऋत्येला स्थायिक झालो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण आमचं तसं झालं नाही. दोन्ही शहरांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं. तेव्हा तुलना करायची ती उणंदुणं काढायला नव्हे. दोन्ही ठिकाणी जगभरचे लोक राहतात, मग दोन्हीकडचा शेजार इतका वेगळा का, हे कोडं आम्हाला बरीच वर्षं पडलं होतं.

आधी थोडे आकडे पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार शिकागो महानगराची, म्हणजे उपनगरांसकट, लोकसंख्या ९६ लाखांच्या वर होती आणि ह्यूस्टन महानगराची ७१ लाखांच्या वर. शिकागो महानगरात गोऱ्यांचं प्रमाण सुमारे निम्मं, लॅटिनो जवळजवळ चौथा हिस्सा, कृष्णवर्णीय सुमारे १६ टक्के आणि आशियाई ७ टक्के. ह्यूस्टनमध्ये कुठलाच गट निम्म्यावर नाही. लॅटिनो सर्वांत जास्त, एक तृतीयांशाहून अधिक. गोरे त्यांच्या थोडे मागे, मग कृष्णवर्णीय सुमारे सहावा हिस्सा, आणि आशियाई ८ टक्क्यांच्या आसपास. राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक अहवाल काढला होता. चार मुख्य गटांचा समतोल पाहिला, तर देशातल्या मोठ्या महानगरांत ह्यूस्टनने न्यू यॉर्कलाही मागे टाकलं आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा इथल्या लोकांना कोण अभिमान वाटला!

पण वाचकहो, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. जनगणना खात्याने २०१५ साली घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांची मोजदाद जाहीर केली, तेव्हा शिकागो महानगरात किमान १५३ भाषा निघाल्या आणि ह्यूस्टनमध्ये १४५. म्हणजे त्या हिशेबात शिकागो पुढे! शिवाय उपनगरं बाजूला ठेवून फक्त शिकागो शहर पाहिलं, तर २०२० मध्ये गोरे ३१ टक्के, लॅटिनो ३० टक्के आणि कृष्णवर्णीय २९ टक्के. तराजूत तोलून घेतल्यासारखे तिन्ही गट सारखे. मग शिकागोला कमी कसं म्हणायचं?

इथेच खरी गोम आहे. शहरात किती प्रकारचे लोक आहेत हा एक प्रश्न, आणि ते एकमेकांच्या शेजारी राहतात का हा अगदी दुसरा. समाजशास्त्रज्ञ यासाठी एक निर्देशांक काढतात. सगळ्या वस्त्यांमध्ये दोन गट सारख्या प्रमाणात विखुरले जावेत असं म्हटलं, तर एका गटातल्या शंभरांपैकी किती जणांना घर बदलावं लागेल, तो हा आकडा. २०१० च्या जनगणनेवरून गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यासाठी शिकागो महानगराचा आकडा निघाला ७६ च्या आसपास. ह्यूस्टनचा ६१ च्या आसपास. ६१ म्हणजेही काही रामराज्य नव्हे, पण फरक लहान नाही. शिकागो म्हणजे भरगच्च थाळी, पण प्रत्येक पदार्थ आपापल्या वाटीत. ह्यूस्टन म्हणजे मिसळ. फरसाण वेगळं ओळखू येतं, पण रश्श्यात भिजलेलं.

शिकागोच्या वाट्या आम्ही हौसेने पाहिल्या आहेत. पिल्सन नावाच्या वस्तीला चेक लोकांनी आपल्या गावाचं नाव दिलं, आज तिथे मेक्सिकन लोकांची भित्तिचित्रं आहेत. हम्बोल्ट पार्कजवळ रस्त्यावर पोर्टो रिकोचे पोलादी झेंडे उभे आहेत. ग्रीकांची वस्ती वेगळी, युक्रेनियनांची वेगळी. आणि आपली डेव्हन अ‍ॅव्हेन्यू! एकाच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना गांधींचं, जीनांचं आणि गोल्डा मायर यांचं नाव दिलेलं आहे. मुंबईकराला हे सगळं ओळखीचं वाटतं. दादरची पारशी कॉलनी, माटुंग्याचे तमिळ, भेंडीबाजारातले बोहरी, गिरगावातल्या मराठी चाळी. माणसं आपापल्या माणसांत राहतात, त्यात काय विशेष, असं वाटतं.

पण ग्रीकांची वस्ती आणि कृष्णवर्णीयांची वस्ती या दोन गोष्टी सारख्या नाहीत. ग्रीक माणूस पैसे साठले की हव्या त्या उपनगरात घर घेऊ शकत होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय मंडळी आगगाडीने शिकागोला येऊ लागली. १९७० पर्यंत असे पाच लाखांहून जास्त लोक आले. कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत काम मिळालं, पण घर मिळे ते शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात. २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा मुलगा मिशिगन सरोवरात पोहताना गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात वाहत गेला. त्याच्यावर दगडफेक झाली, तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. पाण्यावर रेघ ओढता येत नाही असं आपण म्हणतो. तिथे ती ओढलेली होती.

पुढे ही रेघ कागदावर आली. घराच्या खरेदीखतातच अट घातलेली असे, की हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयं अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत. पण १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या. लाल भागात गृहकर्ज मिळणं दुरापास्त. १९६२ साली स्टेट स्ट्रीटवर रॉबर्ट टेलर होम्स नावाच्या १६ मजली २८ इमारती उभ्या राहिल्या आणि हजारो गरीब कुटुंबं एका ओळीत रचली गेली. २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडाव्या लागल्या. १९६६ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या वेस्ट साइडला भाड्याने राहायला आले, घरांच्या हक्कासाठी त्यांनी मोर्चे काढले. मार्केट पार्कात त्यांच्या डोक्याला दगड लागला.

आता ह्यूस्टन. हे काही संतांचं गाव नव्हे. इथेही खरेदीखतात त्याच अटी होत्या. शाळा, बस, उपाहारगृहं, सगळीकडे वेगळी पंगत. ४ मार्च १९६० रोजी टेक्सस सदर्न विद्यापीठातले विद्यार्थी एका सुपरमार्केटमधल्या उपाहारगृहात जाऊन बसले, तिथून इथली चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी शहरातल्या सत्तरेक उपाहारगृहांनी आपली दारं सर्वांना खुली केली, आणि दंगा होऊ नये म्हणून वर्तमानपत्रांनी ती बातमीच छापली नाही! धंद्याला बट्टा लागू नये, हाच त्यातला मुख्य विचार. व्यापारी गावाची व्यापारी अक्कल.

मग इथे मिसळ झाली कशी? आमच्या मते वेळेचा योग. शिकागोचा सांगाडा बांधला गेला तो भेदभाव कायदेशीर असताना. ह्यूस्टनचा बराच मोठा भाग वाढला तो १९७० नंतर, म्हणजे १९६८ चा घरांसंबंधीचा समान हक्काचा कायदा झाल्यानंतर. १९७० च्या दशकात तेलाला सोन्याचा भाव आला, तरुण नोकरदारांसाठी नैऋत्य भागात अपार्टमेंट्सचं पेव फुटलं. १९८० च्या दशकात तेल कोसळलं, नोकरदार निघून गेले, खोल्या रिकाम्या पडल्या. घरमालकांना भाडेकरू हवे होते, रंग पाहायला सवड नव्हती. त्याच सुमारास मध्य अमेरिकेतले निर्वासित आले. १९७५ ला सायगाव पडल्यापासून व्हिएतनामी येतच होते. नायजेरियन आले, पाकिस्तानी आले, आपले आले. शिवाय या शहरात झोनिंगचा कायदा नाही. देवळाशेजारी गॅरेज, गॅरेजशेजारी फो विकणारं हॉटेल. दिसायला गबाळं, पण नवख्याला पाय रोवायला जागा देणारं. हिलक्रॉफ्ट रस्त्याच्या परिसराला २०१० मध्ये महात्मा गांधींचं नाव मिळालं, तरी तिथे आपल्या मिठाईच्या दुकानाच्या पलीकडे लॅटिनो बाजार आहेच.

आमच्या फोर्ट बेंड काउंटीचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये लोकसंख्या ८ लाख २२ हजार. गोरे, लॅटिनो, आशियाई, कृष्णवर्णीय या चारांपैकी एकही गट तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नाही आणि सर्वांत लहान गटही पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

याचा रोजच्या जगण्यात फरक काय पडतो? शिकागोला आमच्या ऑफिसात दक्षिण भागात राहणारे एक कृष्णवर्णीय सहकारी होते. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर. डबा उघडला की लोणच्याची फोड त्यांना द्यायची, हा शिरस्ता. पण त्यांचं घर आणि आमचं घर यांत पस्तीस मैल, आणि त्या पस्तीस मैलांत दोन वेगळ्या शाळा, दोन वेगळे बाजार, दोन वेगळी जगं. मुलांची एकमेकांशी गाठच पडली नाही. ह्यूस्टनला आमच्या उजवीकडे नायजेरियन कुटुंब, डावीकडे व्हिएतनामी, समोर टेक्ससचे गोरे आजोबा. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा तीन घरांतली माणसं नायजेरियन घराच्या माडीवर गोळा झाली. त्यांच्या आजींना आमच्या हातची मुगाची खिचडी आवडली आणि त्यांचा तिखटजाळ भात खाताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं. कोल्हापूरच्या लेकीची ही गत! त्या दोन रात्रींनंतर आमच्या मुलाला 'एरिया कसा आहे' हा प्रश्न कधी पडला नाही.

अर्थात ह्यूस्टनलाही वाट्या आहेत, फक्त त्या रंगाऐवजी पैशाच्या. प्यू संशोधन केंद्राच्या २०१२ च्या अहवालात, गरीब आणि श्रीमंत वेगवेगळ्या वस्त्यांत राहण्याच्या बाबतीत हे महानगर देशातल्या आघाडीच्या महानगरांत होतं. आमच्या गल्लीत चार वर्णांचे लोक आहेत खरे, पण सगळे डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर अकाउंटंट. गल्लीतलं गवत कापायला येणारा माणूस कुठे राहतो, हे तिथे कुणाला ठाऊक नसतं.

आणि जमिनीखालीही इतिहास आहे. शुगरलँड हे आपल्या मराठी कुटुंबांचं आवडतं गाव. नावातच साखर. २०१८ साली तिथे शाळेच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू असताना ९५ कृष्णवर्णीयांचे सांगाडे सापडले. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पण नंतर कैद्यांना मजूर म्हणून भाड्याने देण्याची पद्धत टेक्ससमध्ये १९१० च्या सुमारापर्यंत चालली. उसाच्या मळ्यांत राबून मेलेले ते कैदी. आपण ज्या गावात गणपती बसवतो, कोजागिरीचं दूध आटवतो, त्या गावाच्या साखरेला ही चव आहे, एवढं आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

आम्हाला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं? १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा, ज्याच्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला या देशाचं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्याच काळात, तिनेच तयार केलेल्या हवेत मंजूर झाला. त्याआधी १९२३ मध्ये याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात, भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला होता. ते दार ढकलण्यासाठी ज्यांनी डोक्यावर दगड झेलले, त्यांची नातवंडं शेजारी राहायला आली तर घराची किंमत उतरेल, अशी चर्चा आपल्याच दिवाणखान्यांत होते. मुंबईत 'आडनाव काय, मासे खाता का' असं विचारून घर नाकारणाऱ्या सोसायट्यांवर आपण तावातावाने बोलतो. तोच प्रश्न इथे इंग्रजीत विचारला म्हणजे सभ्य होत नाही.

तेव्हा घर घेताना शाळेचे गुण जरूर पाहा, पाणी कुठवर चढतं तेही पाहा (ह्यूस्टनला तर नक्कीच!). पण संध्याकाळी एकदा त्या गल्लीतून पायी हिंडून या. अंगणात कोण कोण खेळतं, ते बघा. शिकागोकरांनी निराश व्हायचं कारण नाही. थाळीतल्या वाट्या जेवणाराच कालवतो. दिवाळीच्या फराळाचं एक ताट पस्तीस मैल नेता येतं, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला शेजाऱ्यांनाही बोलावता येतं. नाटक कळलं नाही तरी बटाटेवडा कळतो!

अटलांटा, डॅलस, टोरांटो, लंडन इथल्या वाचकांचा अनुभव काय आहे? तुमच्या उजव्या-डाव्या हाताला कोण राहतं, त्यांच्या घरी तुम्ही शेवटचे कधी जेवलात? जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ही चर्चा पुढे नेता आली तर आम्हाला आनंदच होईल.