सर्किट एकच, आवाज वेगळा: गिटारचा ट्यूब अॅम्प निवडताना खरा फरक कुठे पडतो?

१९६० च्या दशकाची सुरुवात. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाचं वाद्यांचं दुकान होतं. मार्शल ड्रम शिकवायचे, त्यामुळे दुकानात आधी ड्रमवाले यायचे. मग त्यांच्या मागोमाग गिटारवाले यायला लागले आणि त्यांची एकच तक्रार असायची. अमेरिकेच्या फेंडर कंपनीचे अॅम्प्लिफायर हवेत, पण इंग्लंडात येईपर्यंत त्यांची किंमत आवाक्याबाहेर जाते.

मार्शल यांच्याकडे दुरुस्तीचं काम करणारे केन ब्रॅन आणि तरुण इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांनी सोपा मार्ग काढला. फेंडरचा 'बॅसमन' हा अॅम्प समोर ठेवला आणि त्याचंच सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचललं. त्यातून १९६२ च्या सुमारास तयार झाला 'जेटीएम४५'. जेटीएम म्हणजे जिम अँड टेरी मार्शल, बाप-लेकाची नावं.

आता गंमत बघा. दोन्ही अॅम्पच्या सर्किटचे नकाशे शेजारी ठेवले तर फरक शोधायला भिंग लागेल. पण आवाज ऐकला तर डोळे मिटूनही कोणता कुठला ते सांगता येतं. बॅसमनचा आवाज मोकळा, खणखणीत. मार्शलचा जाड, घट्ट, छातीवर धडकणारा. नक्कल असूनही हे झालं कसं?

सारख्याच दिसणाऱ्या दोन ट्यूब अॅम्पपैकी कोणता घ्यावा, या प्रश्नात आजही जे अडकतात त्यांना याच गोष्टीत बरंचसं उत्तर सापडतं.

आधी, ट्यूब अॅम्प म्हणजे काय?

आजी-आजोबांच्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवतोय? लावला की लगेच वाजायचा नाही, आधी आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या. त्याच नळ्या म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब. रेडिओतून त्या कधीच्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही.

कारण असं की ट्यूबवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला तर आवाज एकदम फाटत नाही. तो हळूहळू दाटत जातो, त्याला एक गोड खरखर येते. रेडिओसाठी हा दोष होता, रॉक आणि ब्लूजसाठी हाच सूर ठरला. गिटारचा अॅम्प त्यामुळे नुसता आवाज वाढवणारा डबा राहत नाही, तो वाद्याचाच अर्धा भाग होतो.

अॅम्पमध्ये छोट्या ट्यूब गिटारकडून आलेला क्षीण सिग्नल वाढवतात, मोठ्या ट्यूब त्याला ताकद देतात आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर ती ताकद स्पीकरला पचेल अशा रूपात पुढे देतो. ही साखळी फेंडर आणि मार्शल दोघांचीही तीच.

मग फरक कुठे पडला?

थोडा फरक सुट्या भागांमुळे पडला. बॅसमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ होती, मार्शलमध्ये तिच्या जागी ईसीसी८३ आली, जिची सिग्नल वाढवण्याची क्षमता दुपटीहून जास्त. म्हणून मार्शल लवकर दाटतो. पॉवर ट्यूब सुरुवातीला दोघांतही ५८८१ होत्या, नंतर मार्शलने ब्रिटिश केटी६६ वापरल्या. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळतील ते घेतले. आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देऊन आवाजाला लगाम घालण्याची जी सोय असते, ती मार्शलमध्ये वेगळ्या ठिकाणाहून जोडली गेली आणि तिचं प्रमाण बदललं.

पण सगळ्यात मोठा बदल या डब्याच्या बाहेर होता, स्पीकर आणि त्याच्या पेटीत.

बॅसमनमध्ये जेन्सन कंपनीचे १० इंची चार स्पीकर, अॅम्पच्याच पेटीत बसवलेले. पेटी पाइनच्या लाकडाची, मागून उघडी. मार्शलने अॅम्प वेगळा केला आणि त्याच्याखाली दुसरी पेटी दिली. तिच्यात सेलेस्टियनचे १२ इंची चार स्पीकर, पेटी प्लायवूडची आणि मागून पूर्ण बंद. चार स्पीकर घेण्यामागे सुरुवातीला काही मोठं संगीतशास्त्र नव्हतं. त्या काळचा एकेक सेलेस्टियन १५-२० वॅटचा, एक-दोन लावले तर जळायचे. चौघांत भार वाटला की निभायचं.

उघडी पेटी आणि बंद पेटी

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा ढकलली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ओढली जाते. म्हणजे मागूनही आवाज निघतो, पण उलटा. पेटी मागून उघडी असेल तर हा उलटा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला खर्ज काही प्रमाणात खोडून टाकतो. खर्ज हलका होतो, पण भिंतींवर आपटून आलेला आवाज खोलीभर पसरतो. बंद पेटीत मागचा आवाज कोंडला जातो आणि आतली हवा पडद्यामागे उशीसारखी काम करते. खर्ज भरीव, नेमका आणि सगळा रोख समोर.

गिटारची सर्वात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. बऱ्याच १२ इंची गिटार स्पीकरची स्वतःची नैसर्गिक थरथर साधारण ७५ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे खालच्या तारांचा सूर नेमका त्याच भागात येतो जिथे पेटीचा परिणाम सर्वात जास्त. वरच्या टोकाला हेच स्पीकर ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मान टाकतात, आणि ते बरंच आहे. दाटलेल्या ट्यूबमधून जो कर्कश कचरा निघतो तो स्पीकर गाळून टाकतो. अॅम्पचा सिग्नल थेट हेडफोनमध्ये ऐकला तर माशी गुणगुणल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हेच.

अजून एक बारीक बाब आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं, पण तो आकडा स्थिर नसतो. नैसर्गिक थरथरीच्या जागी आणि वरच्या स्वरांकडे तो कितीतरी वाढतो. ट्रान्झिस्टरच्या हाय-फाय अॅम्पला याने फारसा फरक पडत नाही. ट्यूब अॅम्प मात्र स्पीकरच्या या चढउतारांप्रमाणे आपला आवाज बदलतो. स्पीकर बदलला की अॅम्पही वेगळा वागतो. 'अॅम्पचा आवाज' आणि 'स्पीकरचा आवाज' असे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत ते यामुळे.

वॅटच्या आकड्यात फार अडकू नये

दुकानात पहिला प्रश्न असतो, 'किती वॅट?' २० की ४०, ५० की १००. जास्त पैसे देऊन दुप्पट वॅट घेतले की आवाज दुप्पट होईल असं वाटतं. तसं होत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला 'थोडासा मोठा' एवढंच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात.

उलट स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो, त्याकडे कोणी बघत नाही. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. सेलेस्टियनच्या 'ग्रीनबॅक'चा तो ९८ आहे, त्याच कंपनीच्या 'व्हिंटेज ३०'चा १००. फरक दोनचाच. पण २० वॅटच्या अॅम्पला ग्रीनबॅक काढून व्हिंटेज ३० लावला तर आवाज सुमारे ३२ वॅटच्या अॅम्पएवढा होतो. नवा अॅम्प घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. सूर मात्र बदलतो. व्हिंटेज ३० मधल्या स्वरांत जास्त टोकदार आहे, सगळ्यांनाच तो आवडतो असं नाही.

वॅटच्या मागे लागण्याची सुरुवात ज्यांनी केली त्यांच्यात 'द हू' या बँडचा पीट टाऊनशेंड अग्रभागी होता. १९६५ मध्ये त्याच्या मागणीवरून मार्शलने १०० वॅटचा अॅम्प बनवला. त्याला एकाच पेटीत आठ स्पीकरही हवे होते. तशी पेटी बनली, पण ती उचलताना सामान वाहणाऱ्या पोरांची कंबर मोडायची वेळ आली. शेवटी चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक ठेवायची पद्धत पडली. रॉकच्या फोटोंमध्ये दिसणारी ती काळी भिंत अशी जन्माला आली. पुढे टाऊनशेंडने आपल्या कानांचं नुकसान झाल्याचं जाहीरपणे सांगितलं, जरी त्याने जास्त दोष स्टुडिओतल्या हेडफोनला दिला.

घरात वाजवणाऱ्यांनी एक हिशोब लक्षात ठेवावा. ९८ डेसिबलचा स्पीकर म्हणजे एकाच वॅटला, एक मीटरवर ९८ डेसिबल. इतक्या आवाजात अर्ध्या तासाच्या आतच कानाची दिवसभराची सुरक्षित मर्यादा संपते. आणि ट्यूब अॅम्पचा जो दाट सूर हवा असतो तो आवाज बराच वर नेल्याशिवाय येत नाही. वन बीएचकेत ५० वॅटचा अॅम्प घेणारा माणूस तो आयुष्यभर 'दोन'वर ठेवून वाजवतो आणि मग म्हणतो, यूट्यूबवर ऐकला तसा वाजत नाही.

दोन जुळी भावंडं

फेंडरचे 'प्रिन्स्टन रिव्हर्ब' आणि 'डीलक्स रिव्हर्ब' हे दोघेही १९६० च्या दशकातले, आज पुन्हा त्याच रूपात मिळतात. दोघांतही ६व्ही६ जातीच्या दोन पॉवर ट्यूब, दोघांतही रिव्हर्ब, दोघांच्या पेट्या मागून उघड्या. प्रिन्स्टन १२ वॅटचा, डीलक्स २२ वॅटचा. वर सांगितलेल्या हिशोबाने हा फरक तीन डेसिबलचाही नाही.

तरी प्रत्यक्षात अंतर मोठं वाटतं. प्रिन्स्टनमध्ये १० इंची स्पीकर आणि छोटी पेटी आहे, डीलक्समध्ये १२ इंची स्पीकर आणि मोठी पेटी. प्रिन्स्टनचा ट्रान्सफॉर्मरही लहान, त्यामुळे खर्ज लवकर सैल पडतो. खोलीत किंवा रेकॉर्डिंगला हा सैलपणा सुंदर लागतो. ड्रमरसोबत वाजवायचं झालं तर तोच अंगाशी येतो आणि डीलक्स हवासा वाटतो. 'चांगला कोणता' यापेक्षा 'ड्रमर आहे का' हा प्रश्न इथे जास्त कामाचा आहे.

ऐकून बघताना

दोन अॅम्पची तुलना करताना मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप साधं असलं तरी दोन्ही अॅम्प एका पातळीवर आणायला पुरतं. अॅम्प वेगळा आणि पेटी वेगळी असेल तर दोन्ही अॅम्प एकाच पेटीवर वाजवून बघावेत. मग उलट करावं, एकच अॅम्प दोन पेट्यांवर. बहुतेकांना दुसऱ्या प्रयोगात जास्त फरक ऐकू येतो आणि ज्या अॅम्पसाठी पैसे साठवत होते त्याऐवजी पेटीच बदलावी असं वाटू लागतं.

उभं राहून वाजवलं आणि स्पीकर गुडघ्याशी असेल तर वरचे स्वर कानापर्यंत पोचतच नाहीत, ते सरळ रेषेत पायांकडे जातात. मग माणूस ट्रेबल वाढवत बसतो आणि समोरच्या श्रोत्याचे कान किटतात. अॅम्प थोडा तिरका टेकवावा किंवा खुर्चीवर ठेवावा.

घेतल्यावर जळू नये म्हणून

ट्यूब अॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करून वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या अॅम्पला ते चालतं, इथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तोच सर्वात महाग भागांपैकी एक. अॅम्पवरचा ओहमचा आकडा आणि पेटीचा आकडा जुळवावा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ होतात, एकापुढे एक जोडले तर १६. अॅम्प आणि पेटी जोडायला गिटारची वायर वापरू नये, टोक सारखंच दिसत असलं तरी. स्पीकरची वेगळी जाड वायर मिळते. एकच स्पीकर असेल तर त्याची क्षमता अॅम्पच्या वॅटच्या दुपटीजवळ असलेली बरी, कारण पूर्ण दाटलेला अॅम्प लिहिलेल्या वॅटपेक्षा जास्त ताकद बाहेर टाकतो.

आणि अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याकडून किंवा मित्राकडून अॅम्प मागवायचा बेत असेल तर मागची पट्टी वाचायला सांगावी. तिकडचा अॅम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीत २३०. काही अॅम्पमध्ये व्होल्टेज बदलायची सोय असते, अनेकांत नसते. तसाच लावला तर फ्यूज उडण्यावर निभावलं तर नशीब. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण तो अॅम्पवर लिहिलेल्या वीजवापराहून चांगला मोठा हवा. २२ वॅटचा ट्यूब अॅम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, कारण ट्यूब तापवायलाच बरीच खर्च होते. आणि तो ट्रान्सफॉर्मर प्रत्येक कार्यक्रमाला सोबत न्यावा लागतो, अॅम्पशिवायचे आणखी काही किलो.